भिंतीवरची दोन कॅलेंडरं

पापडीपासून निर्मळ-नंदाखालपर्यंतच्या वाड्यांत साठच्या आगेमागे जन्मलेल्या आम्हा वसईकर कॅथलिक मुलींच्या घरी भिंतीवर दोन कॅलेंडरं असायची. एक चर्चचं, त्यात संतांचे सण आणि उपासाचे दिवस. दुसरं आधी कुणा दुकानदाराने फुकट दिलेलं, आणि 1973 नंतर कालनिर्णय. आईचं लक्ष या दुसऱ्यावर जास्त. गणपती कधी बसतात, घटस्थापना कधी, मार्गशीर्षात गुरुवार चार की पाच, हे तिला तोंडपाठ असे. घरचा चाफा आणि मोगरा पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जायचा आणि भाव या तारखांवर ठरायचा. पितृपक्ष आला की घरात जरा हात आखडायचा. मार्गशीर्षातल्या लक्ष्मीच्या गुरुवारांवर आमचा नाताळ व्हायचा. करंज्यांचं तूप, नवे कपडे, सगळं त्यातून. यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. सर्वधर्मसमभावावरची भाषणं आम्ही पुढे शाळेत ऐकली.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली की असेल तिथे थांबायचं, क्रुसाची खूण करायची. मग जेवणाआधी रोजरीची माळ. वेदीसमोर दिवा, आणि लहानमोठे सगळे गुडघ्यांवर. ‘नमो मारिया’चा पहिला अर्धा भाग आई म्हणणार, उरलेला आम्ही. तिच्या हातात माळ असे, पण ते हात क्वचितच नुसते असत. सूप पुढ्यात घेऊन सुकट निवडता निवडता ती पाच रहस्यं पुरी करी. मध्येच त्याच सुरात ‘दूध उतू जातंय, ऊठ’ हे येऊन जाई आणि तरी मणी चुकत नसे. दहा कधी झाले ते आम्ही पेंगत असलो तरी तिला बरोबर कळायचं. माळेनंतर संतांची लांबलचक नामावळी. तोपर्यंत धाकट्यांनी मांड्या ठोकलेल्या असत, आणि ते पाहूनही न पाहिल्यासारखं करण्याइतकी आई शहाणी होती.

आमच्या आयांचं लहानपण लॅटिन मिस्सेत गेलं. अर्थ न कळता पाठ केलेलं ते सगळं 1962 ते 1965च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीत आलं. आमच्या आजीला ते बराच काळ मिस्सेसारखं वाटलंच नाही. उपासाचंही तसंच. ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. 1953 साली पाण्याला मुभा मिळाली, 1957 साली उपास तीन तासांवर आला आणि 1964 साली एका तासावर. रोमहून सूट आली, पण आमच्या आयांनी ती घेतली नाही. अंगावर पिणारं मूल असलेली बाईही पहाटे उपाशीपोटी चालत चर्चला जाई, परत येऊन चूल पेटवी आणि सगळ्यांचं झाल्यावर चहा घेई. शुक्रवारच्या मांसवर्ज्याचं मात्र कधी ओझं वाटलं नाही. समुद्र दोन हाकांवर, ताजे बोंबील दारात. वसईत ही शिक्षा कसली?

प्रश्न विचारलेले चालत नसत. देवाला कुणी निर्माण केलं, असं कुणी विचारलं की ‘फादरना विचार’ हे उत्तर आणि हातात झाडू. दाखला द्यायचा झाला तर घरचाच संत हाताशी होता: वसईत जन्मलेला आणि 1597 साली नागासाकीला क्रुसावर मेलेला गोन्सालो गार्सिया. त्याने जीव दिला आणि तुला साधं बावखलावरून पाणी आणवत नाही? यापुढे वादच नसे.

आमच्या आयांच्या गप्प राहण्याचं आता फार कौतुक होतं. मला ते पुरतं पटत नाही. पुष्कळदा त्या नुसत्या दमलेल्या असत. काही घरांत दारू होती. कुणाच्या, ते सगळ्या आळीला ठाऊक. अशा घरची आई माळ सुरू करताना म्हणायची, ‘ही मनातल्या हेतूसाठी.’ मुलांना हेतू माहीत असे, बापालाही माहीत असे, आणि तोही शेजारीच गुडघे टेकून प्रत्युत्तर देत असे. त्यावर कुणी अवाक्षर काढत नसे. कधी कधी काढायला हवं होतं.

आमच्या पिढीने बोलायचं ठरवलं. आम्ही शिक्षिका झालो, नर्स झालो, बँकेत लागलो. माळ विरार लोकलच्या लेडीज डब्यात आली. एका बाजूला भजन, दुसऱ्या बाजूला आम्ही बोटातल्या अंगठीचे दहा दाणे फिरवत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो संपादक असताना ‘सुवार्ता’ मासिक वाचून आमच्यापैकी कितीतरी जणींना पहिल्यांदा कळलं की श्रद्धेवर शंका घेता येते आणि तरी मिस्सेला जाता येतं. मुलांना आम्ही सगळं समजावलं: पापनिवेदन का, रविवार का, संत कशाला. मुलं नीट ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, ‘साताच्याऐवजी नवाच्या मिस्सेला गेलं तर चालेल ना?’

आता वाड्यांच्या जागी इमारती आहेत, पुष्कळ बावखलं बुजली आणि फुलं विकणारी घरं थोडी उरली. ऑक्टोबर हा रोजरीचा महिना. पूर्वी आळीतल्या क्रुसापाशी जमायचं, आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तेव्हा शेवटी द्रोणातून उकडलेले चणे मिळायचे, आता केकचा तुकडा नाहीतर सामोसा असतो. खाण्यापुरती पोरं येतात, अशी समितीच्या बायका दर वर्षी तक्रार करतात. यातल्या निम्म्या माझ्याबरोबर त्या क्रुसापाशी वाढल्यात. चण्यांसाठी त्या किती ढकलाढकली करायच्या, ते मी पाहिलेलं आहे.