नावावर

आमच्या घरात नवी कोरी गाडी कधी आली नाही. बाबांची फियाट जुनी, लग्नानंतरची मारुती जुनी, आणि आता धंतोलीत आमच्या फाटकाच्या आत उभी असलेली माझी गाडीही जुनीच. त्याचा कमीपणा कधी वाटला नाही. परमिटराजच्या त्या काळात नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. रस्त्यावर दिसायच्या त्याही बहुतेक दोनच, अँबॅसडर नाहीतर फियाट. चालती जुनी गाडी हाती लागली तरी लोक पेढे वाटत.

फियाट बघायला बाबांसोबत मामा, शेजारचे वकीलकाका आणि मिस्त्री असे सगळे निघाले. हट्ट करून मीही. बॉनेट उघडलं की पुरुष त्याभोवती गोळा व्हायचे आणि मी त्यांच्या कोपरांखालून बघायची. मिस्त्रीनं मात्र बॉनेट उघडायच्या आधी त्यावर तळवा टेकवला. ‘गरम आहे साहेब. आपण यायच्या आधीच चालवून ठेवली. उद्या सकाळी येऊ.’ इंजिन थंड असताना किती झटके घेतं, पहिला धूर पांढरा येतो की निळसर, हे गरम गाडीत कळत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. त्या मिस्त्रीला लिहिता-वाचता फारसं येत नसावं, पण गाडीबद्दल मी जे शिकले त्याची सुरुवात त्याच्यापासून.

डिसेंबर 1983 मध्ये दिल्लीत पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली आणि मध्यमवर्गाचं गाडीशी नातंच बदललं. आमच्याकडे ती आली बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्याच्या हातून. व्यवहार यांनी आणि यांच्या मित्रांनी केला. चालवली जास्त मीच. मुलांची शाळा, सीताबर्डीचा बाजार, सासूबाईंचे दवाखाने, सगळं तिच्यावर झालं.

पुढे डोळ्यांमुळे यांनी गाडी चालवणं सोडलं, मुलगा पुण्याला गेला, मारुतीही थकली. आता गाडी घ्यायची ती मला, माझ्या पैशांनी. ‘कोणाला तरी सोबत ने,’ असं ज्याला त्याला वाटत होतं. त्यामागे काळजी होती, हे मला कळत होतं. तरी मी एकटीच जायचं ठरवलं. चार माणसं सोबत असली की बघायचं काम आपण त्यांच्यावर सोडून देतो.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेनंतर नागपुरात जुनी गाडी घेणाऱ्यानं जास्तच डोळे उघडे ठेवायला हवेत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. लोकांच्या पार्किंगमधल्या गाड्याही बुडाल्या. त्या पुढे गेल्या कुठे? एका विक्रेत्याकडे मला पांढरी हॅचबॅक दाखवली गेली. पॉलिश असं की त्यात तोंड दिसावं. मी मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी कोणी तो इतका ओढत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. सीटखाली हात घातला, रुळांना गंज. स्टेपनीच्या खळग्यात, कोपऱ्यात, वाळलेला गाळ बोटाला लागला. विक्रेता म्हणाला, ‘ताई, गाडी धुतली की होतं असं.’ मी बोट रुमालाला पुसलं आणि नमस्कार करून निघाले.

जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. 2001 च्या नोबेलमागे तो निबंध होता. विकणाऱ्याला गाडीची कुंडली माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा बिचकून भाव पाडतो, आणि त्या भावात चांगल्या गाडीचा मालक आपली गाडी बाजारात आणतच नाही. मला हे फार पटतं. जुन्या गाडीत भीती यंत्राची नसते, माहितीतल्या या अंतराची असते, आणि ते अंतर बरंचसं आपल्या हातानं कमी करता येतं.

टायरचंच बघा. कडेला कोरलेले शेवटचे चार आकडे म्हणजे तो कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनला. 3221 असेल तर 2021 चा बत्तिसावा आठवडा. मीटर वीस हजार किलोमीटर दाखवतंय आणि चारही टायर गाडीहून तीन-चार वर्षांनी लहान, तर विचारायचं: पहिले टायर इतक्यात गेले कसे? सर्व्हिसच्या नोंदींत प्रत्येक वेळचं मीटर लिहिलेलं असतं, तेही ताडून बघायचं. आणि एसी बघायचा तो भर दुपारी, गाडी जागेवर उभी ठेवून. पंचेचाळीस अंशांच्या शहरात सकाळी आठला एसी सगळ्यांचाच गार असतो.

शेवटी पसंत पडलेली गाडी रामदासपेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांची. एमएच 31, एकच मालक, फाइलमध्ये सर्व्हिसच्या पावत्या तारीखवार. आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, मी येईपर्यंत सुरू करू नका. त्यांनी केली नव्हती. डाव्या दाराचा रंग किंचित वेगळा वाटला; मी विचारायच्या आधी त्यांनीच विम्याच्या क्लेमचा कागद पुढे केला. भाव करताना मी तो खर्च काढला नाही, टायर आणि बॅटरीचा मात्र काढला. त्यांनी मान्य केला.

पैसे पूर्ण द्यायच्या आधी कागद. बँकेचा बोजा उतरल्याची एनओसी आणि फॉर्म 35, हस्तांतराचे 29 आणि 30. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत. ‘होईल सावकाश’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल सांगते: गाडी हातोहात कितीही फिरली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. म्हणजे घाई विकणाऱ्यालाही हवी. विम्यातला नो क्लेम बोनस प्राध्यापकांकडेच राहिला, कारण तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. माझा हप्ता त्यामुळे वाढला. तो मी हिशेबात आधीच धरला होता.

गिरीपेठच्या आरटीओतून नवी आरसी निघाली. बाबांची फियाट बाबांच्या नावावर होती, मारुती यांच्या. मी आरसीचा फोटो काढून प्राध्यापकांना पाठवला. त्यांनी त्याच दिवशी आपला फास्टॅग बंद केला, आणि मी माझ्या नावाचा काचेला लावला.