ग्लासातला भोपळा

लाल भोपळ्याची भाजी दिसली की मी आजही ताट सरकवते. तर ऑक्टोबरात बॉस्टनला दादाकडे गेले आणि त्यानं समोर काय ठेवावं? भोपळ्याची बिअर! डॉगफिश हेडची 'पंकिन एल', 7 टक्के अल्कोहोल.

दादासमोर मी कधी प्यायले नव्हते. मग काय, दोघंही उगाच लेबल वाचत बसलो : भोपळा, ब्राउन शुगर, ऑलस्पाइस, दालचिनी, जायफळ. नाव म्हणे डेलावेअरातल्या भोपळे लांब फेकायच्या स्पर्धेवरून पडलंय. (लोकांना काय काय सुचतं!) बाहेर मेपलची पानं लालभडक.

पहिला घोट. भोपळा? छे! त्याला मुळात चव ती कितीशी. सगळी करामत मसाल्याची. पण जायफळ नाकात गेलं आणि एकदम आईचे घारगे आठवले. आई गेल्यापासून आमच्याकडे घारगे झालेच नाहीत. दादा तेव्हा व्हिसाच्या भानगडीत पोचू शकला नव्हता. त्यावर आम्ही चार वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो.

"गूळ कमी पडलाय," ग्लास खाली ठेवत तो म्हणाला.

मी हसले. तो नाही हसला.

"शेवटी काही बोलली का गं ती?"

मी दुसरी बाटली उघडली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.