शक्तिमान आणि राखणदार देवदूत

शनिवार, दिनांक १३ सप्टेंबर १९९७. त्या सकाळी आमच्या वसईतील घरी लहानथोर सारी मंडळी दूरदर्शनच्या संचासमोर बसली होती. कलकत्त्याच्या रस्त्यांवरून मदर तेरेसांची अंत्ययात्रा निघाली होती. ज्या तोफगाड्यावरून पूर्वी महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांचे पार्थिव नेण्यात आले होते, त्याच गाड्यावर निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतील तो लहानसा देह विसावला होता. आमच्या आईच्या हातातील जपमाळ फिरत होती आणि डोळे पुसण्यापुरतीच मध्ये थांबत होती. मुले मात्र थोड्याच वेळात चुळबुळू लागली. पडद्यावर काही घडत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

‘शक्तिमान’ या मालिकेचा प्रारंभही त्याच तारखेचा. तेव्हा हे आम्हांस ठाऊक नव्हते. पुष्कळ वर्षांनी मालिकेविषयी काही वाचताना ती तारीख नजरेस पडली आणि आम्ही क्षणभर थबकलो.

मालिका सुरू झाली आणि पाहता पाहता मुलांच्या जगाचा कायापालट झाला. मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात एरवी लगोरी किंवा पकडापकडी चालायची. आता एक हात वर उंचावून स्वतःभोवती गरागरा फिरणारी मुले दिसू लागली. शक्तिमान उडण्यापूर्वी अशीच गिरकी घेई. ती घेता घेता चक्कर येऊन रविवारच्या पांढऱ्या सदऱ्यानिशी मातीत लोळण घेणारे कितीतरी वीर आम्ही या डोळ्यांनी पाहिले आहेत. आमच्या भागात वीज जाणे नित्याचेच होते. दिवे गेले की अंधारात एखाद्या पडवीतून तमराज किल्विषाचा घोगरा आवाज घुमायचा. अंधार कायम राहावा अशी इच्छा धरणारा तो मालिकेतील खलपुरुष. आणि मग आतून कुणाच्या तरी आईचा त्याहून घोगरा आवाज येई.

मोठ्यांच्या प्रतिक्रिया इतक्या एकसारख्या नव्हत्या. वयस्कर मंडळींना मुकेश खन्ना हे आधीपासून परिचित होते. १९८८ ते १९९० या काळात बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेत त्यांनी पितामह भीष्म साकारले होते. त्यामुळे छातीवर सोनेरी चक्र मिरवणाऱ्या लालभडक पोशाखात ते प्रथम दिसले, तेव्हा आमच्या शेजारचे एक आजोबा कळवळून म्हणाले, “अरेरे, भीष्मावर ही काय पाळी आली!” तेच नट पुढे आलेल्या दातांचा, चष्मेवाला, वेंधळा गंगाधरही होतात, हे त्यांना अखेरपर्यंत पटले नाही. एका वृत्तपत्राचा हा छायाचित्रकार म्हणजेच शक्तिमान, हे रहस्य मुलांना ठाऊक आणि गंगाधरची सहकारी गीता विश्वास हिला मात्र ठाऊक नाही, यातच मुलांचा अर्धा आनंद होता.

काही पालकांचा आक्षेप निराळा होता. शक्तिमानचे सामर्थ्य योगसाधनेतून, कुंडलिनी जागृत होऊन, सात चक्रांतून आलेले दाखवले होते. आपल्या मुलांनी हे पाहावे काय? हा प्रश्न आमच्या धर्मग्रामात बराच चर्चिला गेला. दोन कुटुंबांनी त्या वेळेला संच बंद ठेवण्याचा नियम केला. परिणामी त्या घरांतील मुले त्या वेळेला शेजारी सापडू लागली. शेवटी प्रकरण धर्मगुरूंपर्यंत गेले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “मुलं त्यातून कुंडलिनी शिकतात की गिरकी?” गिरकीच, असे कबूल करावे लागले. “मग खाली गोणपाट अंथरा,” फादर म्हणाले.

आमच्या आईचे मत सर्वांहून वेगळे. भागाच्या शेवटी मुलांसाठी लहानसा बोधपर प्रसंग असे. एखादे मूल खोटे बोले, कचरा टाकी; शक्तिमान प्रकट होऊन त्याची कानउघाडणी करी आणि मूल खाली मान घालून ‘सॉरी शक्तिमान’ म्हणे. आमचा आठ वर्षांचा पुतण्या, थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा, तेव्हा पहिल्या कम्युनियनच्या तयारीत होता. आई त्याला म्हणाली, “बघ, हा कुमसारच झाला की. फक्त तुझा शक्तिमान प्रायश्चित्त देत नाही, म्हणून तुम्हांला तो आवडतो.” आम्ही हसलो, परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला जे वर्षभर नीट सांगता आले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितले, हे मनोमन मान्य केले.

त्याच सुमारास वृत्तपत्रांतून चिंताजनक बातम्या येऊ लागल्या. शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुले उंचावरून उड्या घेतात, स्वतःस इजा करून घेतात, असे त्या बातम्यांत म्हटलेले असे. मुकेश खन्ना यांनी या आरोपांचा इन्कार केला. तरीही त्यांनी पडद्यावर येऊन मुलांना समजावले की, ही उड्डाणे तारांच्या आधाराने आणि छायाचित्रणाच्या करामतींनी होतात, कुणी अनुकरण करू नये. सगळ्याच बातम्या खऱ्या नसतीलही. पण आम्ही तेव्हा त्या सर्व खऱ्या मानल्या, कारण त्या मानणे आम्हांस सोयीचे होते. धर्मशिक्षकाला प्रतिस्पर्धी मिळाला होता आणि तो आमच्याहून लोकप्रिय होता.

आता आमची गोष्ट सांगणे भाग आहे.

फेब्रुवारी १९९८ मधील एका रविवारी वर्गात एका मुलाने हात वर करून विचारले, “सर, शक्तिमान मोठा की येशू?” सारा वर्ग सावरून बसला. वर्षभरात एवढी एकाग्रता आम्ही पाहिली नव्हती. आम्हांस स्फुरण चढले. आम्ही म्हणालो, कसला तुमचा शक्तिमान! तारेला लोंबकळणारा माणूस तो. आमचा प्रभू पाण्यावर चालला, त्याने वादळ शांत केले, चार दिवस कबरेत असलेल्या लाझारसला बाहेर बोलावले. आणि त्याने तुम्हां प्रत्येकाला स्वतःचा एकेक राखणदार देवदूत दिला आहे. तो तुमच्या अंगाला खरचटूसुद्धा देणार नाही. पडलात तर वरच्या वर झेलील.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या बाकावर आमचा पुतण्याही होता. घरी येताना तो एरवीपेक्षा गप्प होता, हे आज आठवते.

चार दिवसांनी, गुरुवारी संध्याकाळी, वाडीतून आरडाओरडा ऐकू आला. विहिरीशेजारच्या पंपघराची गच्ची जेमतेम आठ फूट उंच. खाली पेंढ्याचा ढीग होता. पण तो ढिगावर न पडता पाटाच्या दगडी काठावर पडला. उजव्या कोपराच्या वरचे हाड मोडले. रिक्षात आईच्या मांडीवर तो रडत होता आणि वहिनी त्याच्याहून अधिक. रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र पाहिले आणि त्याच्याकडे वळून विचारले, “काय रे, शक्तिमान का?” मुलाने मान हलवून नाही म्हटले. वेदनेमुळे तो असे म्हणतो, असे आम्ही सगळ्यांनीच समजून घेतले.

पुढील दोन दिवस भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तीच हकिगत सांगत होतो: मालिका, गिरकी, उडी. प्रत्येकजण मान डोलावत होता. शनिवारी रात्री आम्ही एका वृत्तपत्राच्या संपादकांना पत्र लिहावयास बसलो. भाषा जळजळीत होती. ‘आमच्या घरातील एका बालकाला या मालिकेने’ येथपर्यंत आलो होतो, तोच प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून पडलेल्या त्या बालकाने विचारले, “काका, काय लिहिता?”

आम्ही सांगितले.

“पण मी शक्तिमानचं नाव नव्हतं घेतलं.”

“मग कुणाचं?”

“देवदूताचं. तुम्ही म्हणालात ना, तो झेलतो.” थोडा वेळ गप्प राहून तो पुढे म्हणाला, “काका, माझा देवदूत बारीक असेल का?”

त्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा काहीच दिले नाही. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी एवढेच म्हटले, “भावजी, खरंच असं सांगितलंत तुम्ही पोरांना?” पत्राचा कागद आम्ही घडी करून प्रार्थनापुस्तकात ठेवला. तो कुणालाही गेला नाही.

त्यानंतर आला राखेचा बुधवार आणि १ मार्चला प्रायश्चित्तकाळातला पहिला रविवार. त्या रविवारी दरवर्षी येशूच्या मोहांचे शुभवर्तमान वाचतात. त्या वर्षी ते संत लूककृत होते. लूकने मंदिराच्या शिखरावरचा मोह सर्वांत शेवटी ठेवला आहे. सैतान प्रभूला शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकण्यास सुचवतो. वर शास्त्राचा आधारही देतो: देवदूत तुला हातांवर झेलतील, पायाला दगड लागू देणार नाहीत. स्तोत्रातले ते वचन आम्ही बालपणापासून ऐकत आलो होतो. ते कुणाच्या तोंडी आले आहे, याकडे मात्र त्या दिवशी प्रथमच लक्ष गेले. वर्गात टाळ्या मिळवणारे आमचे वाक्य जवळजवळ तेच होते. फादरांचे प्रवचन पुढे चालू राहिले. आम्ही ते ऐकले नाही.

मिस्सेनंतर वर्ग होता. पुतण्या गळ्यात झोळी अडकवून पुढच्याच बाकावर बसला होता आणि प्लास्टरवर सही घेत होता. आम्ही मुलांना सांगितले की, त्या दिवशी आमची चूक झाली. येशू हा शक्तिमानपेक्षा मोठा शक्तिमान, असे आम्ही सांगितले, ते खरे नव्हे. देवदूत राखण करतो, हे खरे. पण त्याची परीक्षा पाहण्यासाठी उडी मारायची नसते. प्रभूनेही मारली नाही.

“घाबरला का तो?” एकाने विचारले.

“नाही.”

मागच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली. “मारायला हवी होती, सर. सगळ्यांनी पाहिलं असतं. मग लगेच सगळ्यांनी त्याचं ऐकलं असतं.”

सैतानाची बाजू इतक्या नेमकेपणाने मांडलेली आम्ही त्यानंतरही ऐकलेली नाही. आम्ही म्हणालो, ऐकले नसते, बाळ. नुसते वर पाहत राहिले असते. उद्या पुन्हा उडी मार म्हणाले असते. मग क्रुसाचा प्रसंग सांगितला. तिथेही लोक खाली उभे राहून तेच म्हणत होते: खरा असशील तर उतर खाली. तो उतरला नाही. वर्ग शांत झाला. आणि मग एक मुलगा, अगदी प्रामाणिकपणे, कुणाला दुखावण्याचा हेतू नसताना म्हणाला, “शक्तिमान उतरला असता.”

“हो,” आम्ही म्हणालो, “तो उतरला असता.”

तेवढ्यात घंटा झाली. मुलांना आमचे म्हणणे पटले, असा दावा आम्ही करणार नाही. पाच मिनिटांत आवारात गिरक्या सुरू झाल्या होत्या. एका हाताची झोळी सांभाळत आमचा पुतण्याही अर्धी गिरकी घेत होता.

त्या दिवशी दुपारी सप्टेंबरमधली ती सकाळ पुन्हा आठवली, पडद्यावर काही घडत नाही अशी मुलांची तक्रार झाली होती ती. कालीघाट येथे १९५२ साली मदरनी निर्मल हृदय सुरू केले, ते मरणाच्या दारी पडलेल्यांसाठी. तेथे आणलेले पुष्कळजण मेलेच. कुणी आकाशातून येऊन त्यांना उचलले नाही. त्यांच्या जखमा धुतल्या गेल्या आणि जवळ कुणीतरी बसले. यावर मालिका काढली तर कोणते मूल ती पाहील, हे आम्हांस सांगता येणार नाही. रुग्णालयातील पहिल्या रात्री कोण जवळ होते, असे आम्ही पुतण्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “आजी. रात्रभर जपमाळ करत होती. मला झोपू दिलं नाही.”

मालिका २००५ पर्यंत चालली आणि संपली. मुलेही मोठी झाली. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवला. देवळे बंद होती. पवित्र आठवड्याचे विधी आम्ही घरात बसून पडद्यावर पाहिले. ईस्टर १२ एप्रिलला आला, योगायोगाने १९९८ सालीही तो त्याच तारखेला होता. आई आता नाही. तिची खुर्ची मात्र त्याच कोपऱ्यात आहे.

पुतण्या आता तिशीचा झालेला, चार वर्षांच्या मुलाचा बाप. एके दिवशी संचावर ती लाल आकृती गरगर फिरू लागली, आणि नातवाने लगेच सोफ्यावर उभे राहून हात वर केला. बापाने चटकन त्याला खाली घेतले. घेताना उजवा हात पुढे आला. तो कोपरातून आजही पुरता सरळ होत नाही. वजन उचलताना थोडा आत वळतो.

मुलाने तो हात न्याहाळला. “बाबा, तुमचा हात असा का?”

पुतण्याने आमच्याकडे पाहिले आणि हसला. “आजोबांना विचार,” तो म्हणाला.