उतारावरचा छर्रा

पिनबॉल हा मुळात उताराचा खेळ आहे. एक फळी, तिला दिलेला किंचित कल, तिच्यावर ठोकलेल्या चुका म्हणजेच बारीक खिळे आणि त्या चुकांमधून वाट काढत खाली येणारी गोळी, एवढ्या सामग्रीवर तो उभा राहतो. पुढे त्याच्या अंगावर विजेच्या तारा, घंटा, रंगीत काचा आणि अखेरीस संगणक चढला, तरी त्याचा गाभा हा उतारच राहिला. जुन्या पिनबॉल यंत्राच्या पेटीतील सारी यंत्रणा काढून तिच्या जागी पडदे आणि संगणक बसवण्याची, म्हणजेच आभासी पिनबॉलची पेटी तयार करण्याची जी हौस गेल्या दोन-अडीच दशकांत जगभर रुजली, तिचा विचारही या उतारापासूनच सुरू करावा लागतो.

महाराष्ट्रात या खेळाची पहिली ओळख होते ती बॅगाटेल या नावाने खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या, किंवा घरच्या घरी केलेल्या, खिळ्यांच्या फळीतून. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील खोडाळ्यासारख्या डोंगरातल्या गावात, जेथे कसाऱ्याहून विहिगावमार्गे चढून येणारा रस्ता हाच मुंबईकडच्या जगाशी मुख्य दुवा आहे, तेथे नाणे टाकून चालणारे अवजड यंत्र येण्याचे काही कारण नव्हते. फळीला मात्र बाहेरून काहीच आणावे लागत नाही. खोक्याची एक गुळगुळीत फळी, सुताराकडच्या बारीक चुका, सायकलच्या दुकानात चाक उघडले की निघणारे जुने छर्रे आणि गोळी उडवायला दट्ट्याखाली एखादी लहानशी स्प्रिंग, एवढे जमले की खेळ तयार होतो.

अशी फळी जवळून पाहिली तर तिच्यात बरेच शहाणपण दडलेले दिसते. दोन चुकांमधले अंतर छर्‍यापेक्षा किंचित जास्त ठेवले तर तो मधून निसटतो, किंचित कमी ठेवले तर अडतो, आणि अर्धवर्तुळात जवळजवळ ठोकलेल्या, वर तोंड असलेल्या चुकांच्या ओंजळीत तो पडून राहतो. त्या ओंजळीखाली रंगाने लिहिलेला आकडा म्हणजे मिळालेले गुण. चूक बारीक आणि फळीबाहेर लांब राहिलेली असेल तर ती थरथरते व छर्‍याला परत फेकते, जाड आणि खोल ठोकलेली असेल तर आघात गिळून टाकते. जव्हार-मोखाड्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, फळीला बाक येतो, चुकांवर गंज चढतो, आणि मग वैशाखात हमखास पन्नासाच्या घरात जाणारा छर्रा श्रावणात भलतीकडेच वळतो. त्यामुळे फळीचा मालक असलेल्या मुलाला तिचा स्वभाव ऋतूनुसार नव्याने शिकावा लागतो, आणि हे शिकणे डोक्यापेक्षा अधिक करून बोटांत साठते.

अशाच फळीसाठी १८७१ साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात माँटेग्यू रेडग्रेव्ह या कारागिराने स्प्रिंगच्या दट्ट्याचे पेटंट घेतले. त्याआधी गोळी बिलियर्डसारख्या काठीने ढकलली जाई. दट्ट्या आल्यावर खेळ लहान झाला आणि टेबलावर, दुकानाच्या फळीवर मावू लागला. १९३१ मध्ये गॉटलीब कंपनीचे बॅफल बॉल हे नाण्यावर चालणारे यंत्र मंदीच्या काळात अफाट खपले, तरी गोळी सुटल्यावर खेळणाऱ्याच्या हाती पेटीला धक्का देण्यापलीकडे काही उरत नव्हते. ही उणीव भरून काढली १९४७ मध्ये हॅरी मॅब्स यांनी, याच कंपनीच्या हम्प्टी डम्प्टी या यंत्रात फ्लिपर बसवून. फ्लिपर म्हणजे बाजूचे बटण दाबताच विद्युतचुंबकाच्या जोरावर झटक्यात वर उसळणारी लहान दांडी. तिने पडणाऱ्या गोळीला परत वर धाडता येऊ लागले आणि उताराशी वाद घालण्याचा अधिकार माणसाला मिळाला. पिनबॉलच्या इतिहासात याहून मोठी घटना नाही.

या अधिकाराला कायद्याचीही मान्यता लागली. न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये पिनबॉल हा जुगार ठरवून बंद केला आणि जप्त केलेली यंत्रे घणांनी फोडली. १९७६ मध्ये खेळाडू रॉजर शार्प यांनी नगरपरिषदेच्या समितीसमोर यंत्रावर खेळून, गोळी कोणत्या वाटेने जाईल हे आधी सांगून तिला तेथूनच नेऊन दाखवले, तेव्हा ती बंदी उठली. आपल्याकडे हाच भेद मुंबई (आता महाराष्ट्र) जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ याच्या तेराव्या कलमात आहे, ज्यानुसार निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो कायदा लागू होत नाही. कौशल्य प्रधान असलेल्या स्पर्धा जुगारात मोडत नाहीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानेही १९५७ मध्ये मुंबई राज्यातून गेलेल्या चमारबागवाला खटल्यात मांडले. म्हणजे हात काही जाणतो की नाही, हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नव्हता.

खोडाळ्याच्या फळीवर वाढलेल्या माणसाला हा खेळ दुसऱ्यांदा भेटतो तो बहुधा शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नाशिक, ठाणे, मुंबई गाठल्यावर, संगणकाच्या पडद्यावर. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये विंडोज ९५ च्या जोडसंचात दिलेला आणि पुढे विंडोज एक्सपीपर्यंत टिकलेला स्पेस कॅडेट हा पिनबॉल सायबर कॅफेत, संगणक वर्गात आणि कचेऱ्यांत एका अख्ख्या पिढीने खेळला. कळफलकावरचा झेड आणि तिरकी रेघ या दोन कळा म्हणजे दोन फ्लिपर. उतार मात्र नाहीसा झाला होता. पडदा समोर उभा, गोळी वजनाविना धावणारी, आणि तळहाताला कसलाही हादरा नाही. पुढे ६४ बिटांच्या प्रणालीसाठी हा खेळ बदलताना टक्कर ओळखणारे गणित बिघडले, गोळी आडव्या आलेल्या वस्तूंमधून आरपार जाऊ लागली, आणि विंडोज व्हिस्टामध्ये तो वगळला गेला. चूक ठोकलेली असूनही छर्‍याला ती जाणवत नाही, अशी ही अवस्था. लाकडी फळीवर ती कधीच येऊ शकत नाही.

तिसरी भेट म्हणजे प्रस्तुत विषय असलेली पेटी. २००० साली रँडी डेव्हिस यांनी व्हिज्युअल पिनबॉल हा कार्यक्रम खुला केला, ज्यात कोणालाही स्वतःचे मैदान, म्हणजे ज्यावर गोळी धावते ती रंगवलेली फळी, आखता येते किंवा जुन्या यंत्राचे मैदान जसेच्या तसे उतरवता येते. त्याच्याच आदल्या वर्षी, १९९९ मध्ये, विल्यम्स या मोठ्या कंपनीने आपला पिनबॉल विभाग बंद केला होता. यंत्रे बनणे थांबत असताना त्यांच्या प्रतिकृती बनू लागल्या, हा योगायोग विसरता येत नाही. रूपांतराची रीत साधारण अशी असते. जुन्या पेटीतील मैदान काढून तेथे मोठा सपाट टीव्ही आडवा बसवतात; मागच्या उभ्या चित्रकाचेच्या जागी दुसरा पडदा येतो आणि गुण दाखवणाऱ्या ठिपक्यांच्या पट्टीसाठी तिसरा. दट्ट्या खराच ठेवतात, पण तो किती खेचला हे मोजायला सरकता संवेदक लावतात. पेटीला दिलेला धक्का ओळखण्यासाठी त्वरणमापक, म्हणजे हालचालीतील बदल टिपणारी चिप, बसवतात. फ्लिपरचा ठोका कानाला आणि तळहाताला जाणवावा म्हणून वीजजोडणीत वापरले जाणारे काँटॅक्टर पेटीच्या भिंतींना आतून जोडतात. बटण दाबले की लाकूड खरोखर दणकते.

एवढे करूनही उतार खोटाच राहतो, आणि तो किती अंतराने खोटा ठरतो हे मोजता येते. खऱ्या यंत्रात पोलादी गोळीचा व्यास सुमारे २७ मिलिमीटर, वजन ८० ग्रॅम आणि मैदानाचा कल साधारण साडेसहा अंश असतो. अशा कलावर स्थिर सोडलेली, न घसरता घरंगळणारी गोळी एक मीटर उतरायला दीड सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेते. फ्लिपरने मारलेली गोळी मात्र सेकंदाला दोन मीटर किंवा त्याहूनही वेगाने जाते. साधा पडदा सेकंदात ६० चित्रे दाखवतो, म्हणजे दोन चित्रांच्या मधे सुमारे १७ मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्यात ही गोळी तीन सेंटिमीटरहून अधिक, म्हणजे स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त, पुढे सरकलेली असते. आतले गणित सेकंदाला हजार वेळा केले तरी डोळ्याला ती उड्या मारतच दिसते. म्हणून जाणकार १२० चित्रे दाखवणारा पडदा निवडतात आणि बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर कमी करण्यासाठी धडपडतात. ही धडपड आदर करण्याजोगी आहे, कारण ती दिखाव्यासाठी नसून हाताने कमावलेले ज्ञान वाया जाऊ नये यासाठी आहे.

येथे मोखाडा-जव्हार भागातील बोहाड्याची आठवण अपरिहार्य आहे. बोहाडा म्हणजे होळीनंतरच्या दिवसांत रात्र जागवून होणारा सोंगांचा उत्सव. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि शहरांकडे कामाला गेलेली कुटुंबे शिमग्याला परततात, त्यानंतर देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे बाहेर निघतात आणि संबळाच्या तालावर नाचवले जातात. मुखवटा पिढ्यान्‌पिढ्या जपला जातो, रंग उडाला की पुन्हा रंगवला जातो, चढवणारा माणूस बदलतो; पण त्या सोंगाची पावले ठरलेली असतात आणि ती बापाकडून मुलाकडे पाहून-नाचून जातात. पावले विसरली गेली तर मुखवटा भिंतीवर टांगण्यापुरता उरतो. पिनबॉलची पेटी हा असाच मुखवटा आहे. तिच्या आत काय घातले यापेक्षा तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या शरीराला जुनी पावले टाकता येतात का, म्हणजे नेमक्या क्षणी मनगटाने पेटी किंचित सरकवून गोळी वाचवता येते का, हे रूपांतराचे खरे माप मानले पाहिजे.

याच मापाने एक मर्यादाही ठरते. चालू असलेले, किंवा दुरुस्त होऊ शकणारे, मूळ यंत्र केवळ पेटीसाठी उघडून रिकामे करणे हा गुन्हाच समजावा, कारण पडद्यावर शंभर मैदाने आली तरी मोडलेले एक मैदान परत येत नाही. ज्या पेटीतील मैदान ओलीने कुजले आहे, तारा उंदरांनी खाल्ल्या आहेत आणि चित्रकाच फुटली आहे, तिचे रूपांतर करण्यात मात्र कमीपणा काहीच नाही. उलट भंगारात जाणाऱ्या लाकडाला त्यामुळे पुन्हा हात लागतात. अशा वेळीही काढलेली प्रत्येक गुंडाळी, प्रत्येक दांडी आणि मैदानाचा उरलेला तुकडा चिठ्ठी लावून जपावा, कारण दुसऱ्या एखाद्या यंत्राचा जीव त्यातून वाचू शकतो.

अमेरिकेतील यंत्रांची मैदाने हौशी लोकांनी चिकाटीने मोजून संगणकात उतरवली; घरोघरच्या खिळ्यांच्या फळ्या मात्र तशा कोणी मोजून ठेवलेल्या दिसत नाहीत. त्यांना कंपनीचे नाव नाही, क्रमांक नाही, म्हणून त्यांची नोंद नाही, आणि प्रत्येक फळी एकुलती एक असल्यामुळे ती चुलीत गेली की तिचा खेळही संपतो. खोडाळ्यात, मोखाड्यात, जव्हारच्या पाड्यांवर किंवा इतरत्र कोणाच्या माळ्यावर अशी फळी पडून असेल, तर तिच्याखाली मोठा कागद ठेवून कडा आखून घ्याव्यात, वरून सरळ छायाचित्र काढावे, चुकांमधली अंतरे मिलिमीटरमध्ये लिहावीत, छर्‍याचा व्यास आणि फळीचा कल मोजावा, आणि ती ज्याने केली त्याच्याकडून, तो हयात असेपर्यंत, चुका तशाच का ठोकल्या हे विचारून घ्यावे. एवढ्या नोंदीवरून कोणताही जाणता मुलगा ती फळी आभासी पेटीत उभी करू शकेल, आणि एखाद्या सुताराला तिच्याबरहुकूम दुसरी फळीही ठोकता येईल.