गच्चीवरचा गोविंदा

गेल्या वर्षी वाराणसीला ताईकडे गेले होते. दुर्गाघाटाजवळ पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबं राहतात, त्यांतलंच हे एक. पण घरात अबोला होता. भाच्याला कॉलेज सोडून मित्रांबरोबर बँड काढायचा होता आणि भावोजी संतापले होते.

''गिटार वाजवून पोट भरतं का गं?'' ताईचे डोळे भरून आले.

रात्री गच्चीवर भाच्यानं एक गाणं ऐकवलं. गिटारच्या साथीनं 'गोविंदा'चा गजर, तोही संस्कृतात! गाणारे मात्र 'कुला शेकर' या बँडचे इंग्रज तरुण.

त्यांची गोष्ट मला ठाऊक होती. गायक क्रिस्पिअन मिल्स भारतात फिरून गेलेला. आधीच्या नावानं बँडला फारसं कुणी विचारलं नाही. मग १९९५ मध्ये त्यांनी दक्षिणेतल्या कुलशेखर या संत-राजावरून नवं नाव घेतलं. १९९६ मध्ये त्यांचा पहिला अल्बम 'के' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. 'गोविंदा'ही पहिल्या दहांत पोहोचलं.

''बघ मावशी!'' भाचा खुलला.

''पुढचंही ऐक. १९९९ मध्ये बँड फुटला. काही वर्षांनी पुन्हा एकत्र आले. ऐकणारे मिळेपर्यंतची वर्षं तू कशावर काढणार, ते बाबांना सांग.''

सकाळी तो स्वतःच म्हणाला, ''बाबा, पदवी पूर्ण करतो. पण बँड सोडणार नाही.''

भावोजी काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र हळूच म्हणाले, ''ते गोविंदाचं लाव जरा.''