मूळचे कुठले?

वसईतल्या पापडीच्या बाजारात कुणाशी नवी ओळख झाली, की नावगावानंतर हमखास विचारलं जातं, ‘पण मूळचे कुठले?’ विचारण्यात आपुलकी असते, पण उत्तर सोपं नाही. आडनाव लोपीस किंवा तुस्कानो, आजीच्या अंगावर लाल लुगडं आणि घरात कादोडी बोली. हीच कादोडी वसईतल्या सामवेदी ब्राह्मणांच्या घरातही बोलली जाते. 1534 ते 1739 या पोर्तुगीज अंमलात धर्म बदलले, आडनावं बदलली. बोली मात्र दोन्हीकडे तीच राहिली. त्याच्याही मागे जायचं तर सोपारा जवळच आहे. तिथला स्तूप 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरला, अशोकाच्या आज्ञालेखांचे तुकडेही तिथलेच. आणखी मागे गेलं तर आपण सगळेच आफ्रिकेतून निघालेले. मग मूळ म्हणायचं तरी कशाला?

मानववंशशास्त्रही या प्रश्नापायी बराच काळ आडवाटेला गेलं. कवट्या मोजून माणसाची लायकी ठरवत बसलं. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे शिकायला गेल्या, तेव्हा त्यांच्या हातीही कवट्याच दिल्या गेल्या. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू जास्त असमान निघतील आणि त्यातून त्यांच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व दिसेल, अशी गुरूंची अटकळ होती. इरावतीबाईंनी 149 कवट्या तपासल्या आणि निष्कर्ष दिला की या असमानतेचा वंशाशी संबंध नाही. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध! बाईंच्या साऱ्या लेखनापेक्षा मला हे धाडस मोठं वाटतं. मोजमापं त्यांनी पुढेही घेतली, पण समाज उलगडला तो गावोगाव हिंडून, कोण कुणाला काय म्हणतं आणि सोयरीक कुठे जुळते हे विचारून.

पापडीतही तसंच विचारत जावं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी वसईच्या ख्रिस्ती समाजात आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, मग त्या घरोघरी जातात. त्याच सुमारास कोकणातल्या हिंदू घरांत नवं बांधतात: भाताची लोंबी, आंब्याची पानं, कुर्डूचं फूल, सगळं एकत्र करून दाराला. मंत्र वेगळे, देव वेगळा, पण पहिला दाणा आधी देवाला दाखवायचा, मग आपण खायचा, ही रीत एकच. ती मिशनऱ्यांनी आणली की शेतकऱ्यांनी धर्मांतरानंतरही सोडली नाही, यावर वाद घालता येईल. माझा कौल शेतकऱ्यांना.

मात्र वसईची भातशेतं इमारतींखाली चालली आहेत. शेतच उरलं नाही, तर आगेरा लोंब्या विकत आणून चालेल की हळूहळू बंद पडेल? कोणत्या घरी लोंबी कुठे टांगतात, तिचे दाणे कोण सोलतं, पहिला घास कुणाला देतात, हे सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांच्याजवळ बसून हे आत्ताच लिहून घ्यायला हवं.