वहीतले चार किलोमीटर

मुंबई मॅरेथॉनसाठी मी साताऱ्यात सराव करत होतो. बरोबरचा मित्र बदली होऊन नागपूरला गेला आणि पहाटे पाच वाजता यवतेश्वरच्या घाटात मी एकटा उरलो. दोघे असताना उठणे हा दिलेला शब्द पाळण्याचा प्रश्न होता. कोपऱ्यावर कोणीतरी थंडीत उभे आहे, एवढी जाणीव पुरत असे. तो आधार गेल्यावर गजर बंद करण्याची कारणे भराभर सुचू लागली. साहित्याच्या शिक्षकाला कारणांची भाषा तर विशेषच अवगत असते!

म्हणून मी एक वही घातली. तारीख, अंतर, वेळ. एका ओळीत एवढेच. नोव्हेंबरातल्या एका रविवारी २८ किलोमीटर ठरले होते. २४ झाल्यावर मी थांबलो. दुखत काहीच नव्हते, कंटाळा आला होता. घरी येऊन वहीत मात्र लिहिले २८.

त्याच आठवड्यात वर्गात ॲलन सिलिटो यांची, १९५९ साली प्रसिद्ध झालेली, ‘द लोनलीनेस ऑफ द लाँग-डिस्टन्स रनर’ ही कथा शिकवत होतो. सुधारगृहातला स्मिथ शर्यत जिंकत आलेला असताना अंतिम रेषेच्या अलीकडे जाणूनबुजून थांबतो. कारण त्याचे जिंकणे सुधारगृहाच्या प्रमुखाला मिरवण्यासाठी हवे असते. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, बघायला कोणीच नसते, तर तो थांबला असता का?” मी काहीतरी उत्तर दिले, मनात मात्र ते चार किलोमीटर होते. स्मिथ सर्वांदेखत थांबला आणि स्वतःशी खरा राहिला. मी कोणी पाहत नसताना थांबलो आणि जिथे वाचणारा मी एकटाच, तिथेही खोटे लिहिले.

त्या संध्याकाळी २८ खोडून २४ केले आणि पुढे ‘कंटाळा’ असा शब्द लिहिला. त्यानंतर उठणे सोपे झाले असे नाही; पण वही उपयोगी पडू लागली. अर्धवट सोडलेले दिवस बहुधा आदल्या रात्रीच्या जागरणाचे किंवा आरंभीच्या अनावर वेगाचे होते, हे खऱ्या नोंदींतूनच दिसले. मग रात्री वेळेवर झोपणे आणि पहिले पाच किलोमीटर मुद्दाम सावकाश पळणे, एवढे दोनच नियम ठेवले. निश्चयापेक्षा त्यांचा उपयोग अधिक झाला.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. साधारण तिसाव्या किलोमीटरनंतर शरीरातला ग्लायकोजेनचा साठा संपत येतो आणि केलेला-न केलेला सराव पायांतून बोलू लागतो. शरीर आपली वही वाचत नाही. जानेवारीत पेडर रोडच्या चढावर मी पळू शकलो नाही, चालत गेलो. वहीत तसेच लिहिले आहे.